वायुवीजित कपाटे, प्रयोगशाळेतील

प्रयोगशाळेत काम चालू असताना निर्माण होणारे विषारी वायू, बाष्पे, धूर, धूलिकण किंवा रोगजंतुयुक्त सूक्ष्म तुषार काम करणाऱ्याच्या श्वासावाटे शरीरात जाऊ नयेत, यासाठी ज्या अंशतः वा पूर्णतः बंदिस्त जागेतील हवा नियंत्रित प्रवाहाने सतत बदलली जाते, अशा कपाटवजा साधनास वायुवीजित कपाट म्हणतात. रासायनिक प्रयोगशाळांत यासाठी ‘फ्यूम हूड’ वा ‘फ्यूम कपबोर्ड’ ही नावे रूढ असून सूक्ष्मजीवशास्त्रात ‘जैव सुरक्षा कपाट’ ही संज्ञा वापरतात. किरणोत्सर्गी द्रव्यांसाठी वापरण्यात येणारी हातमोजे-पेटी व निर्जंतुक कामासाठी वापरण्यात येणारा स्तरीय प्रवाहाचा मंच ही याच कुळातील साधने होत.

ही साधने बाहेरून पुष्कळशी सारखी दिसतात. पुढे काच, आत कामाचा ओटा, वर दिवा आणि पंख्याचा आवाज एवढ्यावरून त्यांतील भेद लक्षात येत नाही. तथापि हवा कोणीकडून आत येते, कोठे जाते व जाताना कशातून गाळली जाते, या बाबतींत ती परस्परांहून इतकी भिन्न आहेत की, एका कामासाठी सुरक्षित असलेले कपाट दुसऱ्या कामात घातक ठरू शकते. यांतील बहुतेक प्रत्येक प्रकार एखाद्या विशिष्ट धोक्याचा अनुभव आल्यानंतर निर्माण झाला. त्यामुळे कोणते कपाट कशासाठी आहे, हे त्यांच्या इतिहासावरून चांगले उलगडते.

धुरांड्यापासून कपाटापर्यंत : किमयागारांच्या व धातू पारखणाऱ्यांच्या भट्टीवर धूर ओढून घेणारे छत असे व ते धुरांड्याला जोडलेले असे. मात्र त्याचा मुख्य हेतू भट्टीला ओढ मिळावी हा होता. भट्टीपासून दूर, टेबलावर चालणाऱ्या कामातील वायूंपासून संरक्षण मिळण्याची कोणतीही सोय नव्हती. पदार्थांची पारख वास घेऊन व चव घेऊन करण्याची प्रथा अठराव्या शतकातील रसायनशास्त्रज्ञांत सर्वत्र होती. क्लोरीन वायू प्रथम मिळविणारे आणि हायड्रोसायानिक अम्ल व आर्सेनिकाची संयुगे यांवर काम करणारे स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ कार्ल व्हिल्हेल्म शेले (१७४२–८६) हे वयाच्या ४३ व्या वर्षी मरण पावले. त्यांच्या अकाली मृत्यूचा संबंध अनेक चरित्रकारांनी या द्रव्यांशी जोडला आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रोबेर्ट बुन्सन (१८११–९९) यांना कॅकोडिल या आर्सेनिकयुक्त संयुगांवरील संशोधनात विषबाधा झाली आणि स्फोटात त्यांचा एक डोळा गेला.

रासायनिक कामाच्या जागेसाठी खास हवेची योजना केल्याचे एक जुने उदाहरण अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठात आहे. टॉमस जेफर्सन (१७४३–१८२६) यांच्या आराखड्यानुसार तेथे १८२२–२६ या काळात बांधण्यात आलेल्या रोटंडा या इमारतीच्या खालच्या मजल्यावर रसायनशास्त्राच्या अध्यापनासाठी एक भट्टी होती. लाकूड व कोळसा यांच्यासाठी वेगवेगळी अग्निपात्रे, वालुकापात्र, जमिनीखालून ताजी हवा आणणारे विटांचे मार्ग आणि धूर व वायू वर नेणारी धुरांडी अशी तिची रचना होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ती भिंतीत बुजविली गेली आणि त्यामुळेच १८९५ मध्ये इमारतीला लागलेल्या आगीतून वाचली. इमारतीच्या दुरुस्तीच्या वेळी ती पुन्हा उजेडात आली व २०१५ मध्ये ही माहिती जाहीर करण्यात आली. दूषित हवा बाहेर काढावयाची, तर तिच्या जागी ताजी हवा आत आणण्याची सोय हवी, हे तत्त्व या रचनेत स्पष्ट दिसते. पुढील काळात अनेक प्रयोगशाळा बांधताना नेमका याच तत्त्वाचा विसर पडला व शक्तिमान पंखे बसवूनही कपाटे निकामी ठरली.

जर्मनीतील गीसेन येथील युस्टुस फोन लीबिक (१८०३–७३) यांच्या प्रयोगशाळेने रसायनशास्त्राच्या शिक्षणाला नवे वळण दिले. एकाच दालनात अनेक विद्यार्थी एकाच वेळी प्रयोग करू लागले आणि एकाच्या प्रयोगातील वायू दुसऱ्याच्या नाकात जाऊ लागला. १८३९ मध्ये झालेल्या विस्तारात तेथे धुरांड्याला जोडलेली, काचेची दारे असलेली बंदिस्त जागा करण्यात आली. प्रयोग दिसावा परंतु त्यातील वायू बाहेर येऊ नये, ही कल्पना तीत साकार झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यूरोपात बांधण्यात आलेल्या बहुतेक मोठ्या प्रयोगशाळांनी तिचा अवलंब केला.

या प्रसाराला एक विशिष्ट वायू मोठ्या प्रमाणात कारणीभूत झाला, तो म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. गुणात्मक विश्लेषणात धातूंचे गट वेगळे करण्यासाठी हा वायू विद्रावातून सोडीत असत. डच औषधविक्रेते पेट्रस याकोबुस किप यांच्या नावाने ओळखले जाणारे, तोटी उघडताच वायू देणारे काचेचे उपकरण १८४० नंतर प्रचारात आले व सु. शंभर वर्षांहून अधिक काळ जगभरच्या महाविद्यालयांत टिकून राहिले. भारतातील रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनाही सडक्या अंड्यासारख्या वासामुळे त्याची ओळख पटलेली आहे. तथापि हा वास हे त्यातील संरक्षण नसून फसवणूक आहे. हवेत या वायूचे प्रमाण दशलक्ष भागांत सु. १०० भागांपर्यंत वाढले की, घ्राणेंद्रिय बधिर होते आणि वास येईनासा होतो. याहून अधिक प्रमाणात तो प्राणघातक आहे. त्यामुळे ‘वास येत नाही, म्हणजे धोका नाही’ ही समजूत सोडून देणे भाग पडले.

ओढीचे यंत्रीकरण : धुरांड्याची ओढ आतील व बाहेरील हवेच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. उन्हाळ्यात ती मंदावते व वाऱ्याची दिशा बदलली की, उलटतेही. यावर उपाय म्हणून धुरांड्यात वायूची ज्योत पेटवून हवा तापवीत. ज्वालाग्राही बाष्पांच्या मार्गात ज्योत ठेवणे धोक्याचे होते, हे उघड आहे. दान्त्सिग (सध्याचे पोलंडमधील ग्दान्स्क) येथील तांत्रिक विद्यालयाच्या रसायनशास्त्र इमारतीत १९०४ मध्ये लाकूड व काच यांची कपाटे बसविण्यात आली. वरखाली सरकणारी काच, आत दिवा, वायू व पाणी यांचे नळ आणि धुरांड्याची नैसर्गिक ओढ अशी त्यांची रचना होती. ती शंभर वर्षांहून अधिक काळ वापरात राहिली.

विजेचा पंखा आल्यानंतर ओढ हवामानापासून स्वतंत्र झाली. इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात १९२३ मध्ये बसविण्यात आलेले सरकत्या काचेचे कपाट हे आधुनिक कपाटाचे आद्य रूप मानले जाते. त्यानंतरच्या काळात त्यात तीन महत्त्वाच्या सुधारणा झाल्या. कपाटाच्या मागील बाजूस खाचा असलेला पडदा बसविण्यात आला, त्यामुळे हलके व जड असे दोन्ही प्रकारचे वायू सारख्या प्रमाणात ओढले जाऊ लागले. ओट्याच्या पुढील कडेला गोलाई देण्यात आली, त्यामुळे आत शिरणाऱ्या हवेत भोवरे होणे कमी झाले. तसेच काच खाली ओढल्यावर फटीतून हवा अतिवेगाने घुसून ज्योत विझू नये व चूर्ण उडू नये, यासाठी वरच्या बाजूने हवेला पर्यायी वाट ठेवण्यात आली. कपाटे बांधण्याचे द्रव्यही बदलत गेले. लाकडानंतर ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे तक्ते आले; ॲस्बेस्टॉसाचे तंतू फुप्फुसांना घातक असल्याचे सिद्ध झाल्यावर त्यांची जागा लेपित पोलाद व रेझीनयुक्त तक्ते यांनी घेतली.

पुढील उघड्या भागातून हवा किती वेगाने आत शिरते, त्यास मुखवेग म्हणतात. प्रारंभी मुखवेग जितका अधिक तितके संरक्षण अधिक असे मानले जाई व त्यामुळे मोठे पंखे बसविण्याकडे कल होता. प्रत्यक्षात वेग फार वाढल्यास कपाटापुढे उभ्या असलेल्या व्यक्तीच्या शरीरापुढे, जसा ओढ्यातील खडकामागे भोवरा होतो तसा भोवरा तयार होतो आणि आतील दूषित हवा तिच्या तोंडाकडे खेचली जाते. सामान्यतः दर सेकंदाला ०.४ ते ०.६ मी. एवढा मुखवेग योग्य समजला जातो. माणूस चालताना त्याचा वेग याच्या दुपटीहून अधिक असतो. कपाटासमोरून कोणी झपाट्याने गेल्यास किंवा जवळचे दार उघडल्यास प्रवाह ढळतो, तो यामुळेच. म्हणून कपाटाची जागा हा त्याच्या निवडीचाच एक भाग मानला पाहिजे.

किरणोत्सर्ग आणि गाळणी : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत अणुबाँबनिर्मितीच्या प्रकल्पात निराळाच प्रश्न उभा राहिला. रासायनिक वायू धुरांड्यातून उंच सोडून दिल्यास हवेत मिसळून विरल होतात. परंतु किरणोत्सर्गी कण असे सोडून देता येत नाहीत. विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांतील गाळणकागदावर आधारलेली एक अतिशय कार्यक्षम गाळणी या वेळी विकसित करण्यात आली. ती ‘हेपा’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. ०.३ मायक्रोमीटर आकाराचे कमीत कमी ९९.९७% कण ती अडविते. याहून मोठे कण तंतूंवर आदळून, तर याहून लहान कण आपल्या इतस्ततः गतीमुळे तंतूंना चिकटून अडतात. मधल्या आकाराचे कण पकडणे सर्वांत अवघड असल्याने त्यांवरून गाळणीची पारख करतात. मात्र ही गाळणी केवळ कण अडविते. वायू व बाष्पे तिच्यातून सहज पार होतात. कपाटाच्या निवडीतील बहुतेक गंभीर चुका या एका गोष्टीकडे दुर्लक्ष केल्याने होतात.

प्लुटोनियमासारख्या द्रव्यासाठी पुढून उघडे कपाट पुरेसे नव्हते. त्यासाठी सर्व बाजूंनी बंद, आत बाहेरच्यापेक्षा कमी दाब असलेली आणि भिंतीला जोडलेल्या लांब हातमोज्यांतून काम करता येईल अशी पेटी वापरण्यात येऊ लागली. या बंदिस्तपणालाही मर्यादा आहेत. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात रॉकी फ्लॅट्स येथील अण्वस्त्र कारखान्यात ११ सप्टेंबर १९५७ रोजी अशाच एका पेटीत प्लुटोनियमाने पेट घेतला. पेटीचे पारदर्शक प्लॅस्टिक जळाले आणि आग पुढे निष्कासन मार्गातील ज्वलनशील गाळण्यांपर्यंत पोहोचली. ज्या गाळण्यांनी परिसराचे रक्षण करावयाचे त्याच जळाल्या. त्यानंतर अशा ठिकाणी ज्वलनरोधी द्रव्यांच्या गाळण्या वापरण्यावर भर देण्यात आला. भारतात तुर्भे येथे १९६४ मध्ये वापरलेल्या अणुइंधनातून प्लुटोनियम वेगळे करणारा संयंत्रप्रकल्प सुरू झाला व त्याबरोबर हातमोजे-पेट्यांचे तंत्रही महाराष्ट्रात आले.

रसायनांमध्येही एका अम्लासाठी स्वतंत्र कपाट आवश्यक ठरले. परक्लोरिक अम्लाची बाष्पे थंड वाहिन्यांत साचून धातूंशी व कार्बनी पदार्थांशी संयोग पावतात आणि धक्क्याने स्फोट पावणारी संयुगे तयार होतात. लॉस अँजेल्स येथे २० फेब्रुवारी १९४७ रोजी विद्युत्‌विलेपनाच्या एका कारखान्यात परक्लोरिक अम्ल व ॲसिटिक ॲनहायड्राइड यांच्या मिश्रणाचा स्फोट होऊन १७ माणसे मृत्युमुखी पडली. या अम्लाचे सामर्थ्य त्यावरून सर्वांच्या ध्यानात आले. त्याच्यासाठीच्या कपाटाच्या वाहिन्या गंजरोधी व अखंड असून त्यांना आतून पाण्याने धुण्याची सोय केलेली असते. ही वाहिनी इतर कोणत्याही कपाटाच्या वाहिनीला जोडीत नाहीत.

जैव सुरक्षा कपाटे : रोगजंतूंवर काम करणाऱ्यांचे संरक्षण हा प्रश्न रसायनशास्त्रातील प्रश्नापेक्षा निराळा आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील मल्फर्ड या औषधनिर्मिती संस्थेत १९०९ मध्ये ट्युबरक्युलीन तयार करताना क्षयाच्या जंतूंपासून बचाव व्हावा, म्हणून वायुवीजित कपाट वापरण्यात आले. सूक्ष्मजीवशास्त्रातील हे पहिले ज्ञात कपाट मानले जाते. पुढे कँप डेट्रिक येथील जैव युद्धविषयक संशोधन केंद्रात ह्यूबर्ट केम्फ यांनी १९४३ मध्ये पूर्ण बंदिस्त कपाटाचा आद्य नमुना तयार केला. तेथील सुरक्षाविभागाचे प्रमुख आर्नल्ड वेडम यांनी, पिपेट फुंकणे, सुई ओढून काढणे, नळीचे बूच उघडणे यांसारख्या नित्याच्या क्रियांतूनही जंतुयुक्त सूक्ष्म तुषार हवेत पसरतात, हे प्रयोगांनी दाखवून दिले.

या तुषारांचे महत्त्व आकडेवारीनेही सिद्ध झाले. सल्किन व पाइक यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अमेरिकेतील प्रयोगशाळांत झालेल्या संसर्गाच्या १,३४२ घटना व त्यांतील ३९ मृत्यू नोंदविले गेले. पाइक यांनी १९७६ मध्ये जगभरातील ३,९२१ घटनांचा आढावा घेतला, तेव्हा त्यांपैकी एकपंचमांशाहूनही कमी घटनांत सांडणे, टोचणे वा फुटणे असा ज्ञात अपघात आढळला. उरलेल्यांच्या बाबतीत काम नेहमीप्रमाणे, बिनबोभाट चाललेले होते. पुणे येथे १९५२ मध्ये स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्रातही (नंतरची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात १९५७ मध्ये आढळलेल्या क्यासनूर जंगल रोगाच्या विषाणूचा अभ्यास करताना प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांना त्याचा संसर्ग झाला होता. अत्यंत धोकादायक विषाणूंवरील कामासाठी याच संस्थेची चौथ्या जैवसुरक्षा पातळीची प्रयोगशाळा २०१२ मध्ये पुण्यात पाषाण येथे उभी राहिली.

सूक्ष्मजीवशास्त्रात दुसरीही एक गरज होती : काम करणाऱ्यापासून कामाच्या वस्तूचे रक्षण. हवेतील एखादा जंतू लशीत शिरल्यास तिचे विष होते. मुंबईत तयार झालेल्या प्लेगच्या लशीच्या एका बाटलीतून १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला व लशीचे जनक व्हाल्डेमार हाफकिन (१८६०–१९३०) यांच्यावर ठपका आला. बाटली त्या गावी उघडताना दूषित झाली, या मताला पुढे मान्यता मिळून १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. निर्जंतुक द्रव्य उघड्या हवेत हाताळण्याचा एक क्षण किती महाग पडू शकतो, याचे हे उदाहरण होय.

या गरजेची पूर्ती करणारे साधन १९६० नंतर मिळाले. अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेतील भौतिकीविज्ञ विलिस व्हिट्फील्ड यांनी १९६२ मध्ये जाहीर केलेल्या स्वच्छ दालनात हेपा गाळणीतून आलेली हवा एकाच दिशेने, समांतर थरांत वाहत असे व धूलिकण आपल्याबरोबर वाहून नेत असे. या तत्त्वावर स्तरीय प्रवाहाचे मंच तयार झाले. त्यांपैकी आडव्या प्रवाहाच्या मंचात स्वच्छ हवा मागील बाजूने येऊन वस्तूवरून वाहत थेट काम करणाऱ्याच्या अंगावर येते. यात वस्तूचे उत्तम रक्षण होते. माणसाचे मुळीच होत नाही.

या भेदाकडे दुर्लक्ष झाल्याचा परिणाम रुग्णालयांत दिसून आला. कर्करोगावरील पेशीनाशक औषधे निर्जंतुक स्थितीत मिसळावी लागत असल्याने ती आडव्या प्रवाहाच्या मंचावर तयार करण्याची पद्धत पडली होती. फिनलंडमधील संशोधकांनी १९७९ मध्ये अशी औषधे हाताळणाऱ्या परिचारिकांच्या मूत्रात उत्परिवर्तनकारक द्रव्ये आढळल्याचे प्रसिद्ध केले. अमेरिकेत १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आडव्या प्रवाहाच्या मंचावर काम करणाऱ्या औषधनिर्मात्यांत हा परिणाम आढळला आणि उभ्या प्रवाहाच्या सुरक्षा कपाटात काम सुरू केल्यावर तो ओसरला. औषध दूषित होऊ नये, ही काळजी योग्यच होती. तथापि त्या काळजीपोटी निवडलेले साधन प्रत्येक मिसळणीच्या वेळी औषधाचे तुषार परिचारिकेच्या तोंडावर सोडीत होते.

वर्गीकरण : जैव सुरक्षा कपाटांचे तीन वर्ग केले जातात. पहिल्या वर्गाच्या कपाटात खोलीतील हवा पुढून आत जाते व गाळून बाहेर टाकली जाते. त्यात माणसाचे व परिसराचे रक्षण होते, वस्तूचे होत नाही. दुसऱ्या वर्गाच्या कपाटात पुढून शिरणारी हवा कडेच्या जाळीतून लगेच खाली ओढली जाते आणि वरून गाळलेली स्वच्छ हवा वस्तूवर उतरते. बाहेर जाणारी हवाही गाळली जाते. त्यामुळे माणूस, वस्तू व परिसर या तिहींचे रक्षण साधते. अशा कपाटांसाठी अमेरिकेतील नॅशनल सॅनिटेशन फाउंडेशन या संस्थेने १९७६ मध्ये ४९ क्रमांकाचे मानक प्रसिद्ध केले व नंतर ते वेळोवेळी सुधारण्यात आले. त्यानुसार दुसऱ्या वर्गाचे उपप्रकार आहेत : ‘ए’ प्रकारात बरीचशी हवा गाळून पुन्हा कपाटातच फिरविली जाते, ‘बी १’ प्रकारात निम्म्याहून अधिक हवा बाहेर जाते, तर ‘बी २’ प्रकारात सर्व हवा बाहेर टाकली जाते. तिसऱ्या वर्गाचे कपाट पूर्ण बंदिस्त असून हातमोज्यांतून काम करावे लागते. ते सर्वाधिक धोकादायक जंतूंसाठी राखून ठेवलेले असते.

निवड : कपाट निवडताना पहिला प्रश्न कोणाचे रक्षण करावयाचे हा असतो : काम करणाऱ्याचे, वस्तूचे, परिसराचे की या सर्वांचे. दुसरा प्रश्न धोका वायुरूप आहे की कणरूप, हा होय. विषारी वा ज्वालाग्राही बाष्पे निर्माण होणार असतील, तर हवा इमारतीबाहेर नेणारे रासायनिक कपाटच हवे. ‘ए’ प्रकारच्या जैव सुरक्षा कपाटात ईथरासारखा द्रव वापरल्यास त्याची बाष्पे गाळणीतून पार होऊन पुन्हापुन्हा आतच फिरतात आणि पंख्याच्या चलित्राजवळ पेट घेण्याइतकी साचू शकतात. उलट रासायनिक कपाटात रोगजंतूंचे संवर्ध हाताळल्यास खोलीतील जंतू वस्तूत शिरतात व वस्तूतील जंतू न गाळता बाहेर सोडले जातात. जंतूंबरोबर अल्प प्रमाणात बाष्पशील विषारी द्रव्यही वापरावयाचे असेल, तरच ‘बी’ प्रकाराचा विचार करावा लागतो.

कोळशाच्या गाळणीतून हवा शुद्ध करून खोलीतच परत सोडणारी, वाहिनी नसलेली कपाटे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचारात आली. बसविण्यास सोपी व कमी खर्चाची असल्याने ती लोकप्रिय आहेत. परंतु सक्रियित कोळसा सर्व वायू सारख्या प्रमाणात शोषून घेत नाही व त्याची क्षमता संपली, हे बाहेरून दिसत नाही. ठराविक व माहीत असलेल्या रसायनांच्या अल्प वापरासाठीच ती योग्य होत. कोणते रसायन केव्हा वापरले जाईल हे निश्चित नसलेल्या संशोधनशाळेत ती बसवू नयेत.

तिसरा विचार इमारतीचा असतो. १.५ मी. रुंद व ०.५ मी. उंच उघड्या भागातून दर सेकंदाला ०.५ मी. वेगाने हवा ओढणारे एक कपाट तासाला सु. १,३५० घ.मी. हवा बाहेर टाकते. तितकीच हवा खोलीत आणण्याची सोय नसेल, तर शेजारची कपाटे एकमेकांची हवा ओढू लागतात. वातानुकूलित इमारतीत ही हवा थंड वा उबदार करण्याचा खर्चही मोठा असतो. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतील संशोधकांनी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात केलेल्या अंदाजानुसार एका कपाटापायी खर्च होणारी ऊर्जा तेथील सरासरी घराच्या सु. साडेतीन पट असते. यामुळे काचेच्या उंचीनुसार हवेचे प्रमाण आपोआप कमीजास्त करणारी कपाटे पुढे आली. तरीही काम नसताना काच खाली ओढून ठेवणे हाच सर्वांत स्वस्त उपाय होय.

चाचणी व मर्यादा : केवळ मुखवेग मोजून कपाटाची सुरक्षितता कळत नाही, हे ध्यानात आल्यावर प्रत्यक्ष गळती मोजण्याच्या पद्धती विकसित झाल्या. अमेरिकेतील १९८५ च्या मानकानुसार कपाटात सल्फर हेक्झाफ्ल्युओराइड हा वायू ठराविक प्रमाणात सोडून, समोर उभ्या केलेल्या मानवाकृती पुतळ्याच्या तोंडाशी त्याचे किती अंश पोहोचतात, हे मोजतात. कपाट बसविल्यावर, हलविल्यावर व ठराविक मुदतीने चाचणी करणे आवश्यक असते. आत बाटल्यांची गर्दी केल्यास, मोठी उपकरणे मागील खाचांपुढे ठेवल्यास किंवा काचेच्या कडेपासून सु. १५ सेंमी.पेक्षा कमी अंतरावर काम केल्यास उत्तम कपाटही निरुपयोगी होते.

प्रयोगशाळेबाहेरची माणसेही या साधनांच्या व त्यांच्या वापराच्या कक्षेत येतात. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात १९७८ मध्ये देवीच्या विषाणूवरील प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावर काम करणाऱ्या एका छायाचित्रकार स्त्रीला देवी येऊन तिचा मृत्यू झाला. देवीने झालेला हा जगातील शेवटचा ज्ञात मृत्यू होय. सरकारी चौकशी समितीने विषाणू इमारतीतील सेवावाहिन्यांच्या मार्गातून वर गेला असण्याची शक्यता व्यक्त केली. १९७९ च्या खटल्यात मात्र हे सिद्ध झाले नाही व संसर्गाचा मार्ग वादग्रस्तच राहिला. या घटनेनंतर देवीच्या विषाणूंचे साठे जगात मोजक्याच ठिकाणी ठेवण्याच्या प्रयत्नांना वेग आला.

कपाट हवेचे नियमन करते, इतर मार्गांनी येणारा धोका ते टाळू शकत नाही. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजमधील रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका कॅरेन वेटरहान (१९४८–९७) यांनी ऑगस्ट १९९६ मध्ये डायमिथिल मर्क्युरी हे संयुग वायुवीजित कपाटातच, हातमोजे घालून हाताळले होते. त्याचे काही थेंब हातमोज्यावर पडले, ते लॅटेक्समधून काही सेकंदांत आत झिरपले व जून १९९७ मध्ये पाऱ्याच्या विषबाधेने त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या कामात हवेची व्यवस्था योग्य होती. धोक्याची वाट त्वचेतून होती. म्हणून कपाट निवडण्यापूर्वी द्रव्य कोणत्या मार्गाने शरीरात शिरू शकते याचा विचार, कमी धोक्याचे द्रव्य वापरता येईल काय याचा शोध आणि योग्य हातमोजे, चश्मे व प्रशिक्षण यांची जोड आवश्यक असते. कपाट खरेदी करणारा अधिकारी, ते बसविणारा अभियंता व त्यापुढे रोज उभा राहणारा विद्यार्थी वा परिचारक ही बहुधा तीन वेगळी माणसे असतात. पहिल्या दोघांचा निर्णय तिसऱ्याच्या श्वासावर अवलंबून असावा, यासाठी निवडीच्या वेळी कामाचे स्वरूप प्रत्यक्ष काम करणाऱ्याकडूनच समजून घेणे इष्ट ठरते.